इंजिन बदला म्हणाले? दुसऱ्या मेस्त्रीचं मत असं घ्या

‘इंजिन गेलंय, बदलावंच लागेल’ असं ऐकलं की बहुतेक जण दुसरं गॅरेज गाठतात. बरोबरच आहे. पण तिथे पोचल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते असं: ‘इंजिन गेलंय म्हणतात, जरा बघता का?’ झालं, दुसरं मत तिथेच संपलं. दुसरा मेस्त्री बोनेट उघडतो, दोन मिनिटं आवाज ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘हो, बरोबर आहे त्यांचं.’ मत अजून एकच आहे, ते दोघांच्या तोंडून ऐकलं एवढंच.

खालचा क्रम पेट्रोल आणि डिझेल दोन्ही गाड्यांना चालतो. फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे. टप्पे मागेपुढे करू नका. मध्येच ऑइल बदललं, गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड पुसले किंवा इंजिन उघडलं की पुरावा जातो, आणि मग दुसरा मेस्त्रीही अंदाजच करणार.

टप्पा १: गाडी आहे तशी थांबवा

इंजिनातून ठोके ऐकू येत असतील, ऑइलचा लाल दिवा लागत असेल, तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला असेल किंवा ऑइलमध्ये कूलंट मिसळल्यासारखं दिसत असेल, तर गाडी पुन्हा सुरू करू नका. ‘चालवत नेऊ, जवळच तर आहे’ या हिशेबाने एका बेअरिंगचं काम अख्ख्या क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) जातं. गाडी न्यायची तर टोचन करून नव्हे, सपाट ट्रकवर चढवून न्या. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीची चालक चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सही धोक्यात येतो.

गाडी थंड असताना एवढं करून ठेवा:

- डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, पातळीचा फोटो काढा. ऑइल कमी असेल तर किती कमी ते लिहा. भरायचं ते त्यानंतर.
- कूलंटच्या बाटलीतली पातळी आणि रंग यांचा फोटो काढा.
- ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा, तिचाही फोटो घ्या.
- किलोमीटरचा आकडा आणि डॅशबोर्डवर लागलेले सगळे दिवे टिपा.

*इशारा:* रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी अंगावर येतं.

इंजिन फ्लश, जाड ऑइल, बाटलीतलं कुठलंही ‘औषध’ या टप्प्यावर नको. जाड ऑइलने ठोका थोडा दबतो, पण बिघाड तसाच राहतो आणि पुढच्या माणसाच्या कानाला चकवा बसतो. बॅटरीची वायरही काढू नका. बऱ्याच गाड्यांत त्याने साठवलेले कोड पुसले जातात.

टप्पा २: पहिल्या मेस्त्रीकडून निदान लेखी घ्या

‘इंजिन गेलं’ हे निदान नाही. निदानात तीन गोष्टी हव्यात आणि त्या याच क्रमाने विचाराव्यात.

पहिली: नेमका कोणता भाग गेला? रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), बेअरिंग, क्रँक, ब्लॉक, यांपैकी काय?

दुसरी: हे कोणत्या चाचणीत दिसलं आणि आकडा काय आला? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन हवेवर देतो तो दाब, कमी आहे म्हणत असतील तर प्रत्येक सिलिंडरचा आकडा मागा. ऑइलचा दाब कमी असेल तर तो गेज लावून मोजला की फक्त दिवा बघून सांगितला?

तिसरी: तो भाग दुरुस्त का होणार नाही?

विचारताना आवाज चढवायची गरज नाही. ‘घरी चर्चा करायची आहे, एवढं कागदावर देता का’ म्हटलं की बहुतेक जण देतात. तपासणीचे पैसे द्या आणि पावती घ्या. काढलेला एखादा भाग असेल तर तोही ताब्यात घ्या. तिसऱ्या प्रश्नाला ‘आजकाल कोण दुरुस्त करत बसतं’ असं उत्तर आलं, तर माझ्या मते दुसरं मत घेणं आता सोय राहिली नाही, गरज झाली.

*इंजिन आधीच उघडलं असेल तर:* काम तिथेच थांबवायला सांगा. हेड उतरवल्यावर कॉम्प्रेशन मोजता येत नाही. पण नुकसान डोळ्यांनी दिसतं आणि मापं घेता येतात. अशा वेळी सुटे भाग पोत्यात भरून दुसरीकडे नेऊ नका. शक्य असेल तर दुसऱ्या मेस्त्रीलाच गाडीपाशी आणा. गॅस्केट, पिस्टनचे माथे, सिलिंडरच्या भिंती, बेअरिंगच्या वाट्या यांचे फोटो उजेडात काढा. कोणता भाग कितव्या सिलिंडरचा ते खडूने किंवा चिठ्ठीने लिहून ठेवा.

टप्पा ३: लक्षणं लिहून काढा

हे काम मेस्त्रीचं नाही, तुमचं आहे. गाडी रोज चालवणाऱ्यालाच माहीत असतं की आवाज सकाळी पहिल्यांदा सुरू करताना येतो की गाडी तापल्यावर. निदानाचं निम्मं काम इथेच होतं आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

आवाजाबद्दल लिहा: थंड असताना की गरम असताना, रेस वाढवल्यावर वाढतो का, क्लच दाबल्यावर बदलतो का, एसी लावल्यावर बदलतो का. शेवटचे दोन प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण क्लच दाबून आवाज बदलला तर बिघाड इंजिनाच्या पोटात नसून क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते.

धुराबद्दल फक्त रंग लिहून भागत नाही. वेळही लिहा.

- निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी गाडी सुरू करताना भपकन निघून थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय. उतारावर पाय सोडून मग पुन्हा रेस दिल्यावर येत असेल, तरीही सील किंवा व्हॉल्व्हची गाइड (तो ज्यात सरकतो ती नळी). चढावर, जोर देताना सतत येत असेल तर रिंगा. टर्बो असेल तर टर्बोच्या सीलमधूनही अगदी असाच धूर येतो.
- थंडीत सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. गाडी तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत गेलं, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.
- काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. इंजेक्टर, एअर फिल्टर, सेन्सर, टर्बोचा होज बघायचे. नुसत्या काळ्या धुरावरून कुणी इंजिन बदलायला सांगत असेल तर कागद घडी करून खिशात ठेवा आणि निघा.

शेवटी गेल्या काही महिन्यांचा इतिहास लिहा: ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला किती ऑइल वरून घालावं लागतं, टायमिंग बेल्ट कधी बदलला, गाडी कधी तापली होती का, साचलेल्या पाण्यातून गेली होती का. बिघाड एखाद्या सर्व्हिसनंतर लगेच सुरू झाला असेल तर ते सगळ्यात वर लिहा.

टप्पा ४: दुसरा माणूस निवडा

पहिल्या गॅरेजने सुचवलेला नको. फक्त जुनी इंजिनं विकून बसवणाराही नको. त्याच्याकडे गेलेल्या प्रत्येक गाडीला इंजिनच लागतं. ज्याच्याकडे इंजिन उघडून बांधायचं काम रोज चालतं, तो सर्वांत उपयोगी. दुरुस्ती शक्य आहे की नाही हे त्याच्या हाताला माहीत असतं. इंजिन उघडलेलं असेल तर बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) आणि क्रँकचं काम करणाऱ्या लेथवाल्याचं मत मेस्त्रीपेक्षा जास्त मोलाचं, कारण तो मायक्रोमीटरने मोजून सांगतो.

फोनवर एवढंच विचारा (या चाचण्या काय ते टप्पा ६ मध्ये आहे): ‘कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करता का? आकडे लिहून द्याल का? नुसत्या तपासणीचे किती घ्याल?’ तपासणी फुकट करतो म्हणणाऱ्यापासून जरा जपून. तो खर्च त्याला कुठून तरी काढायचाच असतो, आणि मोठं काम निघालं की तो निघतो.

*तपासा:* गाडी अजून वॉरंटीत आहे का? असेल तर बाहेर काहीही उघडू देण्याआधी कंपनीच्या अधिकृत सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. बाहेर उघडलेल्या इंजिनावर वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

टप्पा ५: काय सांगायचं, काय नाही

लक्षणांचा कागद द्या. फोटो द्या. पहिल्या मेस्त्रीचा निष्कर्ष देऊ नका, आणि त्याने सांगितलेली रक्कम तर अजिबात नको. त्याचं निदान लिहिलेला कागद खिशात राहू द्या. दुसऱ्याचं निदान कागदावर आल्यानंतर बाहेर काढा. आधी काय काय काम झालंय ते मात्र लपवू नका. प्लग बदलले असतील, ऑइल भरलं असेल, तर सांगा.

‘आधी कुठे दाखवली होती का?’ असं विचारलंच तर खोटं बोलायचं नाही. ‘हो, दाखवली होती, पण तुम्ही कोऱ्या नजरेने बघावी म्हणून सांगत नाही’ म्हणा. चांगल्या मेस्त्रीला यात अपमान वाटत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. ऑटोमॅटिक गाडी, खालून ठकठक आवाज, पहिलं निदान ‘कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, इंजिन उतरवा’. दुसऱ्याला मी दारातच हे सांगून बसलो आणि त्याने लगेच होकार भरला. तिसऱ्याला काही न सांगता फक्त आवाज ऐकवला. त्याने खालचं झाकण काढून टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या पातळ चकतीला, फ्लेक्सप्लेटला, तडा गेला होता. गिअरबॉक्स उतरवावा लागला, पण इंजिनाला कुणी हात लावला नाही.

टप्पा ६: चाचण्या, सोप्याकडून अवघडाकडे

आधी काहीही न उघडता होणाऱ्या चाचण्या, उघडायची पाळी शेवटी. मेस्त्री थेट हेड उतरवायची भाषा करत असेल तर थांबवा.

१. स्कॅनर. कोड वाचून लिहून घ्या किंवा फोटो काढा, मगच पुसू द्या. कोडसोबत त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात, तेही घ्या. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड कोणत्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे (इंधन नीट पेटत नाही) ते सांगतात, का आहे ते सांगत नाहीत. ठिणगीची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बदलून लावली आणि मिसफायर तिच्यामागे गेलं, तर दोष कॉइलचा.

२. इंजिन फिरतच नसेल तर. ‘सीज झालं’ (आतून जाम झालं) म्हणण्याआधी अल्टरनेटर-एसी फिरवणारा बाहेरचा बेल्ट काढून बघा, टायमिंग बेल्ट नव्हे; जाम झालेला अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसरही इंजिन अडकवू शकतो. मग स्पार्क प्लग काढून क्रँकच्या पुलीला पाना लावा आणि हाताने फिरवा. प्लग काढल्यावर फिरलं आणि भोकातून पाणी किंवा इंधन बाहेर आलं, तर सिलिंडरमध्ये द्रव शिरला होता. यात कधी पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी काहीच होत नाही; ते पुढच्या चाचण्या सांगतील. हाताने सहज फिरलं आणि स्टार्टरने फिरत नसेल तर स्टार्टर आणि बॅटरी बघा.

३. ऑइलचा दाब. सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून, इंजिन गरम असताना मोजायचा. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण; नसेल तर दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) हा जुना ढोबळ हिशेब आहे. दिवा लागतो पण गेजवर दाब बरोबर येतो, म्हणजे सेन्सर खराब. दाब खरोखर कमी असेल तरी आधी पातळी, ऑइलचा ग्रेड आणि पॅनमधली गाळाने भरलेली जाळी बघा. ठोके जोरात येत असतील तर ही चाचणी अगदी थोडक्यात उरका किंवा सोडून द्या.

४. आवाज कोणत्या सिलिंडरचा. इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा वायरचा कनेक्टर काढून बघतात. एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका दबला, तर त्याच सिलिंडरच्या रॉडवर संशय पक्का होतो. कशानेच फरक पडत नसेल तर बाहेरच्या गोष्टी तपासा: पुली, टेन्शनर, ब्रॅकेट, सायलेन्सरची ढाल, फ्लेक्सप्लेट. *इशारा:* कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचे पाइप ढिले करून ही चाचणी कधीही करू नका. त्या दाबाचं इंधन कातडी भेदून आत जातं.

५. कॉम्प्रेशन. सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी चाचणी, म्हणून शेजारी उभे राहून बघा. इंजिन चालण्याजोगं असेल तर गरम हवं. सगळे प्लग काढलेले हवेत. इंधन आणि ठिणगी बंद हवी. पेट्रोल गाडीत थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा हवा. बॅटरी भरलेली हवी. प्रत्येक सिलिंडरला सारखेच झटके द्यायचे. एकच प्लग काढून, थ्रॉटल बंद ठेवून, मरतुकड्या बॅटरीवर मोजलं की चांगल्या इंजिनाचेही आकडे पडतात, आणि चारही सिलिंडर कमी दाखवणाऱ्या कागदावर इंजिन बदललं जातं.

बऱ्याच पेट्रोल इंजिनांत आकडा १२० ते १८० पीएसआयच्या दरम्यान येतो. डिझेलमध्ये तो याच्या दुप्पट-तिप्पट असतो. मुख्य आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्तच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर बिघाड आहे. शेजारशेजारचे दोन कमी आले तर मधून गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळेच सारखे कमी आले तर टायमिंग बेल्ट किंवा चेन दात सोडून सरकली आहे का, हे आधी बघा.

पेट्रोल इंजिनात कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वर गेला तर रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये हा प्रयोग करू देऊ नका. तिथे जागा इतकी थोडी असते की ऑइलनेच दाब वाढतो आणि निकाल फसवा येतो.

६. लीक-डाउन. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि बाहेरून हवा भरायची. किती टक्के हवा गळते ते गेज सांगतं, कुठून गळते ते कान सांगतात. इनटेककडे फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंगा, कूलंटमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा तडा. एकाच चाचणीचा आग्रह धरायची वेळ आली तर मी हिचा धरीन. यातलं व्हॉल्व्ह आणि गॅस्केटचं काम हेड उतरवून होतं. अख्खं इंजिन त्यासाठी बदलायचं नसतं.

७. कूलंट. थंड इंजिनात पंपाने दाब देऊन तो टिकतो का ते बघायचं. कूलंटमध्ये जळलेला वायू येतोय का, हे रंग बदलणाऱ्या द्रावाने कळतं; वायू असेल तर निळा द्राव पिवळा किंवा हिरवट होतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं म्हणून घाबरू नका. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ते जमतं. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर गोष्ट गंभीर, पण तेव्हाही ऑइल कूलर फुटला आहे का ते आधी तपासायचं.

८. कॅमेरा आणि फिल्टर. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून सिलिंडरची भिंत बघतात. तिरप्या बारीक जाळीसारख्या रेघा दिसणं चांगलं. उभे, नखाला लागतील असे ओरखडे वाईट. सोबत ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघायला सांगा. चकाकणारा कीस सापडला तर चुंबक लावा. चिकटला तर लोखंड. न चिकटणारा, तांबूस किंवा चंदेरी असेल तर बेअरिंगच्या थरावर संशय, आणि मग ऑइल पॅन उतरवून वाट्या बघणं योग्य ठरतं.

टप्पा ७: दोन कागद शेजारी ठेवा

आता पहिला कागद बाहेर काढा. निष्कर्ष जुळतो का हे बघू नका, बिघडलेला भाग जुळतो का ते बघा. एक म्हणतो रिंगा, दुसरा म्हणतो बेअरिंग, आणि दोघंही ‘इंजिन बदला’ म्हणतात, तर तुमच्याकडे दोन मतं आहेत आणि निदान एकही नाही.

मतभेद असेल तर तिसऱ्याकडे जाऊन मतदान घेऊ नका. दोघांमधला फरक कोणत्या एका चाचणीने मिटेल ते ठरवा आणि फक्त तेवढी करून घ्या. रिंगा की व्हॉल्व्ह हा वाद लीक-डाउन मिटवते. बेअरिंग की बाहेरचा आवाज हा वाद ऑइल पॅन उतरवल्यावर मिटतो. उघडायचंच असेल तर लेखी मर्यादा घाला: ‘हेड उतरवेपर्यंतच. पुढचं काम विचारल्याशिवाय नाही.’ हेड उतरलं की सपाट पट्टी आणि फीलर गेजने त्याचा वाक मोजून घ्या. मॅन्युअलमधली मर्यादा बहुधा मिलिमीटरच्या शतांशात असते, नजरेने ती दिसत नाही.

ब्लॉकला भोक पडलंय, ब्लॉकला तडा आहे, किंवा क्रँक इतका खरवडला गेलाय की घासूनही मापात बसत नाही, असं निघालं तर बदलणं पटण्यासारखं. बोअर झिजला असेल तर बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन टाकता येतात का, किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी) बदलता येतो का, ते लेथवाल्याला विचारा. सगळ्याच इंजिनांत जमत नाही.

*तपासा:* दोन्ही अंदाजपत्रकांत एकच काम धरलंय का? एकाने गॅस्केट, टायमिंगचा संच, वॉटर पंप, कूलंट, मजुरी सगळं धरलेलं असतं, दुसऱ्याने नुसतं इंजिन. मग दुसरा स्वस्त वाटतो.

टप्पा ८: बदलायचंच ठरलं तर

जुनं इंजिन कशाने गेलं, हे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय नवं बसवू देऊ नका. रेडिएटर तुंबल्यामुळे तापून गेलं असेल तर तोच रेडिएटर नव्यालाही तापवेल. बेअरिंगचा कीस ऑइल कूलरमध्ये आणि टर्बोच्या नळीत अडकून राहतो. तो साफ झाला नाही तर नव्या बेअरिंगमधून फिरतो. ही चूक इतकी होते की काही ठिकाणी दुसऱ्यांदा बसवलेलं इंजिनही ‘नशीब’ म्हणून खपतं.

वापरलेलं इंजिन घेत असाल तर ते बसवण्याआधी त्याचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजून घ्या, नंबराचे कागद घ्या, आणि वॉरंटीत मजुरी धरली आहे की फक्त इंजिन, ते स्पष्ट लिहून घ्या. फक्त इंजिनाची वॉरंटी असेल तर ते पुन्हा उतरवायचा आणि चढवायचा खर्च तुमचा.

जुनं इंजिन लगेच देऊन टाकू नका. नव्यावर हवे असलेले सेन्सर, ब्रॅकेट, एखादी नळी जुन्यावरच राहिलेली असते आणि ते कळतं गाडी सुरू करताना. शिवाय वाद झालाच तर निदान खरं होतं की नाही, हे दाखवणारी तेवढी एकच वस्तू तुमच्याकडे उरलेली असते. नव्याचं पहिलं ऑइल बदलून, फिल्टर कापून स्वच्छ निघेपर्यंत ते गॅरेजच्या कोपऱ्यात पडू द्या.